फी आपल्या हाताने भरता यावी म्हणून



येत्या शैक्षणिक वर्षापासून शाळेची फी ऑनलाइन भरण्याची सोय करण्याचा संस्थेचा विचार आहे, असे गेल्या पालक सभेत सांगण्यात आले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. फीच्या खिडकीपुढची रांग, सुट्ट्या पैशांची चणचण, पावती हरवली म्हणून कार्यालयात माराव्या लागणाऱ्या चकरा, यांतून पालकांची आणि कार्यालयातील मंडळींचीही सुटका होईल. हे काम कोणत्या कंपनीकडून करून घ्यायचे ते अजून ठरायचे आहे. ते ठरण्यापूर्वी एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही दोघे नवरा-बायको दांडिया बाजारात राहतो. आमची मुलगी आपल्या शाळेत सातवीत आहे. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. पुढे ‘बाबा’ आणि ‘आई’ असे येईल ते आम्हीच. बाबांना दिसत नाही. त्यांच्या विकाराला डॉक्टर थोडक्यात ‘आर. पी.’ म्हणतात. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा हा आनुवंशिक विकार आहे. प्रथम रात्रीचे दिसेनासे झाले, मग नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे दिसू लागले, आणि तिशी उलटल्यावर तेही गेले. बाबा एका खाजगी पेढीत हिशेबनीस आहेत. पेढीची लाखोंची आवक-जावक ते रोज संगणकावर मांडतात. त्यांच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा ‘स्क्रीन रीडर’ असतो. ‘एनव्हीडीए’ नावाचा असा एक कार्यक्रम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली बनवायला घेतला. तो सर्वांना मोफत मिळतो, आणि बाबा तोच वापरतात. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हेच काम करतात. म्हणजे साधने आहेत आणि ती वापरण्याची सवयही आहे. अडते ते दुसरीकडेच.

डोळस माणूस फॉर्म एका नजरेत पाहतो. वर नाव, खाली इयत्ता, त्याखाली रक्कम, कोपऱ्यात हिरवे बटन. ऐकणाऱ्याकडे तोच फॉर्म जपमाळेच्या मण्यांसारखा एकामागून एक येतो. टॅबची कळ दाबली की पुढची चौकट. फॉर्म बनविणाऱ्याने चौकटीचे नाव आतून त्या चौकटीला जोडलेले असेल, तर रीडर बोलतो, ‘विद्यार्थ्याचे नाव’. ते जोडलेले नसेल, तर पडद्यावर शेजारीच कितीही ठळक अक्षरांत छापलेले असले तरी रीडर एवढेच म्हणतो, ‘एडिट, ब्लँक’. पुन्हा टॅब, पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. अशा आठ चौकटी. कोणत्या चौकटीत नाव लिहायचे, कोणत्या चौकटीत रक्कम? खाली दोन बटने असतात, एक पैसे भरण्याचे आणि एक रद्द करण्याचे. ती नुसत्या चित्रांची केलेली असली, तर रीडर दोघांनाही ‘बटन’ म्हणतो. दोहोंपैकी कोणते दाबावे हे ज्याचे पैसे आहेत त्यालाच कळत नाही.

यापुढे येतो तो कॅप्चा. आपण माणूस आहोत, यंत्र नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात. ज्याला अक्षरे दिसत नाहीत तो या परीक्षेत नापास, म्हणजे त्या फॉर्मच्या लेखी तो माणूसच नव्हे! काही ठिकाणी अक्षरे ऐकण्याची सोय असते, पण तो आवाज मुद्दाम खरखरीत केलेला असतो आणि उच्चार परदेशी असतात. ‘बी’, ‘डी’ आणि ‘पी’ यांतील फरक ओळखता ओळखता वेळ संपतो.

वेळेचे दुखणे तर सर्वांत मोठे. पैसे भरण्याच्या पानांना ठराविक मिनिटांची मुदत असते. ती सुरक्षेसाठी असते, हे आम्हांलाही कळते. पण डोळ्यांनी वाचणाऱ्याला जे काम दोन मिनिटांचे, ते ऐकून करणाऱ्याला सहा-सात मिनिटांचे होते. त्यात ओटीपीचा संदेश फोनवर येतो, तो ऐकायचा, लक्षात ठेवायचा, संगणकाकडे परतायचे आणि योग्य चौकट शोधायची. काही पानांवर तर ओटीपी किंवा पासवर्ड कीबोर्डवरून लिहूच देत नाहीत. पडद्यावर अंक उलटसुलट मांडून त्यांवर माऊसने टिचकी मारायला सांगतात.

चूक झाली की चौकटीची कड लाल होते. लाल रंग रीडरला बोलून दाखविता येत नाही. ‘मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे’ असे शब्दांत लिहिले असते तर त्याने लगेच वाचले असते. आणि शेवटी, बटन दाबल्यावर, पडद्यावर एक चक्र फिरत राहते. डोळस माणूस ते पाहून थांबतो. बाबांना ऐकू येते ती फक्त शांतता. पैसे गेले की नाही? पुन्हा बटन दाबावे तर दुप्पट रक्कम कापली जाण्याची भीती, न दाबावे तर मुदत टळण्याची. संगणकासमोर बसून घाम फुटतो तो या क्षणी.

आता आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगतो. मुलगी चौथीत असताना तिला एका बाहेरच्या परीक्षेला बसायचे होते. फॉर्म आणि फी दोन्ही ऑनलाइन, आणि शेवटची मुदत त्याच दिवशी रात्री बारापर्यंत. आजीच्या आजारपणामुळे आई तेव्हा इंदूरला माहेरी गेलेली होती. बाबा रात्री नऊ वाजता संगणकावर बसले. अर्ध्याअधिक चौकटींना नावे नव्हती. त्या त्यांनी अंदाजाने आणि मुलीला मधूनमधून विचारून भरल्या. कॅप्चाची अक्षरे मुलीने वाचून दिली. त्यापुढचे बँकेचे पान मात्र सगळे इंग्रजीत होते आणि मुदतीची मिनिटे मोजणारे होते. चौथीच्या मुलीला ते पेलवेना. तीनदा मुदत संपली आणि तीनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. साडेअकराला बाबांनी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हाक मारली. त्याने पाच मिनिटांत सगळे उरकले. त्यासाठी बाबांना कार्डावरचा क्रमांक, मुदतीची तारीख, मागचे तीन अंक आणि फोनवर आलेला ओटीपी, हे सर्व त्याला मोठ्याने सांगावे लागले. पाठोपाठ बँकेचा संदेश आला. त्यात खात्यातील शिल्लकही होती, आणि तीही त्यानेच वाचून दाखविली.

मुलगा सज्जन. एका पैचीही गडबड त्याने केली नाही, आणि आजही तो आमच्या घरचाच आहे. पण तो गेल्यावर मुलीने विचारले, “बाबा, शाळेत तर सांगितलंय, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही म्हणून. मग तुम्ही दादाला का सांगितला?” बाबांकडे उत्तर नव्हते.

मुलीचा तो प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. बँका, वर्तमानपत्रे, पोलीस, सगळे एकच गोष्ट बजावून सांगतात: ओटीपी कोणालाही सांगू नका. सल्ला अगदी योग्य आहे. परंतु फॉर्म असा बनविलेला असेल की दुसऱ्याच्या डोळ्यांशिवाय तो पुरा होत नाही, तर तो फॉर्मच आम्हांला ओटीपी सांगायला भाग पाडतो. तिजोरीला उत्तम कुलूप लावायचे आणि किल्ली मात्र शेजाऱ्याच्या हातात द्यायला लावायची, असा हा प्रकार झाला. पुढे काही विपरीत घडले तर? रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात असे म्हटले होते की, ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाने सोसायचे. फॉर्म दुसऱ्याने बनविला, अडचण त्या फॉर्मने निर्माण केली आणि निष्काळजी ठरणार तो ग्राहक!

म्हणून आमचे नम्र म्हणणे असे की, दिव्यांगांना वापरता येईल असा फॉर्म ही दया नव्हे आणि केवळ सोयही नव्हे. घराचा पैसा घरातच राहावा, आपली शिल्लक आपल्यालाच ठाऊक असावी, आपल्या मुलीची फी आपल्या हाताने भरता यावी, एवढी ही साधी मागणी आहे. प्रत्येक घराला ती असते, फक्त इतरांना ती बोलून दाखवावी लागत नाही.

त्या परीक्षेनंतर आम्ही त्या मंडळाला पत्र लिहिले. ‘घरातील कोणाची तरी मदत घ्यावी’ असे एका ओळीचे उत्तर आले. मग आम्ही दुसरे पत्र लिहिले, आणि त्यात तक्रारीऐवजी नुसती यादी दिली: कोणते पान, कोणती चौकट, तेथे रीडर काय बोलतो आणि त्याने काय बोलायला हवे. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये चौकटींना नावे आली आणि कॅप्चाऐवजी एक सोपा प्रश्न आला. वेळेची मुदत मात्र तशीच राहिली. यावरून आम्ही एक शिकलो. ‘तुमचा फॉर्म वाईट आहे’ असे लिहून फारसे काही होत नाही. ‘तिसऱ्या चौकटीला नाव नाही’ असे लिहिले की कोणीतरी ते दुरुस्त करतो. करणाऱ्यांची इच्छा नसते असे नाही, पुष्कळदा त्यांना ठाऊकच नसते.

बदल होतो, हे आम्ही दुसरीकडेही पाहिले आहे. अंध व्यक्तीला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर यांसारख्या सोयी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ साली सर्व बँकांना कळविले. २०१२ साली आपल्या शेजारी अहमदाबादेत युनियन बँकेने अंधांसाठी बोलणारे एटीएम बसविले. १ जुलै २०१४ पासून बसणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल कळांचे असावे, असेही रिझर्व्ह बँकेने सांगितले. बाबांनी इअरफोन लावून पहिल्यांदा स्वतः पैसे काढले तो दिवस आमच्या घरी सणासारखा गेला होता. रक्कम पाचशे रुपयेच होती.

येथवर आम्ही आमच्याच घरचे सांगितले. परंतु अडचण अंधांपुरती नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ‘अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करा’ ही सूचना निरुपयोगी असते. त्यांना लिखित संदेश हवा. ज्यांचा हात कंपवाताने थरथरतो त्यांना एकमेकांना चिकटलेली बारीक बटने दाबता येत नाहीत. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही त्यांना ‘हिरवे बटन दाबा’ हे वाक्य कळत नाही. ज्या पालकांना अंक आणि अक्षरे उलटसुलट दिसतात, त्यांना एका पानावरचा लांब क्रमांक पाठ करून दुसऱ्या पानावर लिहिणे जड जाते. त्यांना तो क्रमांक उचलून चिकटविण्याची मुभा हवी. आणि मोतीबिंदू झालेले आजोबा, उजवा हात प्लॅस्टरमध्ये असलेली आई, उन्हात फोन धरून उभा असलेला रिक्षावाला पालक, यांना कोणी दिव्यांग म्हणत नाही, तरी पांढऱ्यावर पुसट करड्या अक्षरांत लिहिलेला फॉर्म त्यांनाही वाचता येत नाही.

याविषयीचा एक महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. बँकेत खाते उघडताना किंवा मोबाइलचे कार्ड घेताना फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागे. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या जळाल्या, त्यांनी ती कशी करावी? प्रज्ञा प्रसून आणि त्यांच्यासारखाच हल्ला सोसलेल्या इतरांनी हा प्रश्न न्यायालयापुढे नेला. अमर जैन या अंध व्यक्तीची याचिकाही त्याच वेळी ऐकली गेली. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्यासाठी त्यांनी वीस निर्देश दिले. २०१६ च्या कायद्यानेही सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्याच्यावर ही जबाबदारी टाकलेली आहे.

फॉर्म कसा असावा, याचे नियम नव्याने शोधायला नकोत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने १९९९ साली पहिली नियमावली काढली. तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या भारतीय मानक ब्युरोचेही आय.एस. १७८०२ हे मानक आहे. त्यांतील कितीतरी गोष्टी शहाण्या दुकानदाराला सहज सुचतील अशा आहेत. अक्षर आणि त्यामागचा रंग यांत निदान साडेचारास एक इतका ठळकपणा असावा. मुदत संपण्यापूर्वी ती वाढविण्याची संधी द्यावी. एकदा लिहिलेली माहिती पुन्हा विचारू नये. आणि पैशाचा व्यवहार असेल तर शेवटचे बटन दाबण्यापूर्वी सर्व माहिती पुन्हा दाखवून ती सुधारू द्यावी.

आपल्या मराठी शाळांचा मात्र एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो परदेशी नियमावल्यांत नीटसा सापडणार नाही. आपल्याकडची पुष्कळ परिपत्रके अजून जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली असतात. डोळ्यांना ती सुंदर देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला असतो. स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवितो. ‘फी भरण्याची अंतिम तारीख’ या शब्दांच्या जागी काय ऐकू येते ते येथे लिहूनही दाखविता येणार नाही! युनिकोडमध्ये टंकलेले मराठी मात्र रीडर स्वच्छ मराठीत वाचतो. आपल्या बडोद्यात, घराबाहेर सगळा व्यवहार गुजरातीत किंवा इंग्रजीत चालत असताना, संगणकाने आपल्या मुलीच्या शाळेची सूचना मराठीत वाचून दाखविली की किती बरे वाटते म्हणून सांगावे! दुसरे असे की, सूचनेचा किंवा पावतीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तर रीडरला त्यात फक्त चित्र असल्याचे कळते. त्यासोबत तोच मजकूर टंकून टाकला की काम झाले. याला एक पैसाही खर्च येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी चार प्रयोग सांगतो. संगणकाच्या तासाला शिक्षकांसमोर किंवा घरी आईबाबांसमोर करून पाहा, मात्र पैसे भरण्याच्या शेवटच्या बटनापूर्वी थांबा.

पहिला प्रयोग. माऊस बाजूला ठेवा आणि कोणताही फॉर्म केवळ टॅब, बाण आणि एंटर या कळांनी भरून पाहा. आपण कोणत्या चौकटीत आहोत ते सतत दिसते का?

दुसरा प्रयोग. पानावरची अक्षरे दुप्पट मोठी करा. मजकूर एकमेकांवर चढतो का? एखादे बटन नाहीसे होते का?

तिसरा प्रयोग. ते पान काळ्या-पांढऱ्या रंगात छापा. कोठे चूक झाली आहे ते अजूनही कळते का?

चौथा प्रयोग. फोनवर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा, आणि बोट उजवीकडे सरकवीत फॉर्म ऐका. बटन निवडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते. टॉकबॅक बंद कसे करायचे ते आधी मोठ्यांकडून समजून घ्या, नाहीतर फोन ऐकेनासा होईल!

आमच्या मुलीने आपल्या मैत्रिणींबरोबर हे प्रयोग केले. पाच मिनिटांत एकजण वैतागून म्हणाली, “काकू, हे कुणी बनवलंय?” हा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या मनात राहिला आणि पुढे त्याने किंवा तिने संगणकाचे शिक्षण घेतले, तर तिच्या हातून बनणाऱ्या फॉर्ममध्ये चौकटींना नावे असतील, याची आम्हांला खात्री आहे.

विश्वस्त महोदयांना आमची विनंती अशी की, कंपनीशी करार करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात.

१. प्रत्येक चौकटीचे आणि बटनाचे नाव स्क्रीन रीडर बोलतो काय?

२. सर्व फॉर्म माऊसशिवाय, केवळ कीबोर्डने पुरा करता येतो काय?

३. चित्रातील अक्षरे ओळखण्याची सक्ती नाही ना? असल्यास दुसरा सोपा मार्ग कोणता?

४. मुदत संपण्यापूर्वी सूचना मिळते काय आणि वेळ वाढविता येतो काय?

५. चूक कोठे झाली ते शब्दांत सांगितले जाते काय? पैसे भरण्यापूर्वी सर्व माहिती पुन्हा तपासता येते काय?

६. पैसे भरले गेले की नाही, हे रीडरला वाचता येईल अशा शब्दांत लगेच कळते काय?

७. क्यूआर कोडसोबत युपीआयचा पत्ताही मजकुरात दिला आहे काय? कोडवर कॅमेरा रोखणे अंध व्यक्तीला फार अवघड जाते.

८. पावती चित्र म्हणून न देता वाचता येणाऱ्या मजकुरात, युनिकोड मराठीत मिळते काय? मदतीसाठी फोनसोबत लिखित संदेशाचीही सोय आहे काय?

यात एक मेख आहे, ती लक्षात ठेवावी. शाळेचा फॉर्म भरला की पालक पेमेंट गेटवेच्या पानावर जातो आणि तेथून बँकेच्या पानावर. तीन दरवाजे, आणि तिघांचे मालक वेगळे. आपला दरवाजा कितीही रुंद केला तरी दुसरा अरुंद असला तर आत जाता येत नाही, आणि दुसऱ्याचा दरवाजा करार झाल्यावर आपल्याला बदलता येत नाही. म्हणून गेटवेचे पानही कराराआधीच तपासावे. ‘आमची प्रणाली सर्वांना वापरता येते’ असे प्रत्येक कंपनी सांगेल. तिला एवढेच म्हणावे: एका अंध आणि एका हात न चालणाऱ्या व्यक्तीला आमच्यासमोर एक रुपया भरू द्या. तो कोणाच्या मदतीविना भरला गेला आणि पावती त्यांनी स्वतः वाचली, तर करारावर सही. घर बांधताना उतार ठेवणे सोपे असते. पायऱ्या बांधून झाल्यावर त्या फोडून उतार करायचा तर खर्चही होतो आणि मनस्तापही.

आणखी एक. फीची खिडकी एकदम बंद करू नये. ज्यांना तेथेच बरे वाटते त्यांना तेथे भरू द्यावी. फक्त दिव्यांग पालकाला ‘तुम्ही खिडकीवरच या’ असे सांगण्याची वेळ येऊ नये.

आपले पूर्वज ज्या बडोद्यात येऊन स्थायिक झाले, त्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे त्यांनी फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगावी धाडल्या. जो ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नव्हता, त्याच्यापर्यंत ग्रंथ गेले. हा वारसा आपण सभा-समारंभांत अभिमानाने सांगतो. फीचा एक फॉर्म सर्वांना भरता येईल असा करणे हे त्या मानाने फारच लहान काम आहे, आणि ते आपल्या हातातले आहे.

कंपन्यांचे नमुने पाहण्याचा दिवस ठरला की आम्हांला कळवावे. आम्ही दोघे कार्यालयात येऊन, लागेल तितका वेळ बसून, प्रत्येक फॉर्म तपासून देऊ. संगणक आणि इअरफोन बाबा स्वतःचे आणतील. एक रुपयाही आम्हीच भरू.